रेकीनं काय होतं, काय होत नाही, आणि सासूबाईंच्या गोळ्यांचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सासूबाई ६४ वर्षांच्या, शुगरच्या गोळ्या चालू, गुडघे दुखतात, रात्री झोप नाही, शेजारच्या काकूंबरोबर रेकीच्या शिबिराला जाऊन आल्या आणि तिथं त्यांना सांगितलं की २१ दिवस रेकी घेतली की गोळ्या सुटतील, तेव्हापासनं त्या गोळी घ्यायला टाळाटाळ करतायत. आणि तुम्हाला विचारायचंय की रेकी म्हणजे नक्की काय, फायदा खरंच होतो का, आणि मीच शिकून घरी दिली तर चालेल का.

सगळ्यात आधी गोळीचं. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, मधल्या किती गोळ्या चुकल्यात ते खरं सांगा आणि ते म्हणतील तशा परत चालू करा, चुकलेल्या भरून काढायला दोन-दोन एकदम देऊ नका. हे मी रेकीच्या विरोधातली म्हणून सांगत नाही बरं का. मी कोल्हापुरात राजारामपुरीत कितीतरी वर्षं रेकी देते, शिकवते, त्याआधी हॉस्पिटलात सिस्टर होते, त्यामुळं दोन्हीकडचं जवळनं बघितलंय. रेकीवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच तिच्या नावावर कुणी शुगरची गोळी बंद करायला सांगितली की मला संताप येतो.

आता रेकी म्हणजे काय ते. ही जपानची पद्धत. मिकाओ उसुई नावाच्या गृहस्थांनी ती सुरू केली, जन्म १८६५ चा. क्योटोजवळ कुरामा म्हणून डोंगर आहे, तिथं उपास धरून २१ दिवस ध्यानाला बसले आणि त्यातनं त्यांना हे मिळालं असं परंपरेत सांगतात. १९२२ ला टोकियोत त्यांनी संस्था काढली, पुढच्याच वर्षी १९२३ ला टोकियो-योकोहामा भागात मोठा भूकंप झाला, त्यात पोळलेल्या-जखमी लोकांवर त्यांनी हात ठेवून उपचार केले आणि तिथनं त्यांचं नाव झालं. १९२६ ला ते वारले, म्हणजे संस्था काढल्यापासनं जेमतेम चार वर्षं मिळाली त्यांना. त्यांच्या शिष्यांत चुजिरो हायाशी होते, नौदलातले डॉक्टर, त्यांनी टोकियोत रेकीचा दवाखाना चालवला आणि कुठल्या त्रासाला हात कुठं ठेवायचे याची पद्धत बसवली. त्या दवाखान्यात १९३५ ला हवायो ताकाता नावाच्या बाई आल्या, जपानी आईबापांच्या पोटी हवाईत जन्मलेल्या, पोटाच्या दुखण्यानं बेजार झालेल्या. तिथं आपण बऱ्या झालो असं त्या आयुष्यभर सांगत राहिल्या, आणि त्याच रेकी शिकून हवाईला परतल्या. १९८० ला वारल्या तोवर त्यांनी २२ जणांना मास्टर, म्हणजे रेकी शिकवणारे गुरू, केलं होतं. आज जगभरात जी रेकी चालते, आपल्या कोल्हापुरातली धरून, ती बरीचशी या २२ जणांच्या हाताखालनं आलेली आहे.

हा सगळा इतिहास सांगायचं कारण म्हणजे तुमच्या सासूबाईंना सांगितलेला २१ चा आकडा. तो कुरामाच्या डोंगरावरचा आहे. त्याच्या आठवणीत दीक्षा झालेल्या शिकाऊ माणसानं पुढं २१ दिवस रोज स्वतःला रेकी द्यायची अशी रीत पडली, सवय अंगात मुरावी म्हणून. शिकणाऱ्यासाठीचा रियाज आहे तो. २१ दिवसांत शुगर जाते असं त्यात कुठंच नाही, कुणीतरी आकडा उचलला आणि पेशंटच्या गळ्यात घातला.

तसंच अजून एक, शिबिरात सातही चक्रं, मूलाधारापासनं सहस्रारापर्यंत, रंगीत तक्ता लावून शिकवतात आणि रेकी आपल्याच वेदांत होती म्हणून सांगतात. चक्रांची कल्पना आपल्या योगपरंपरेची आहे हे बरोबर, पण उसुईंच्या रेकीत हा सात चक्रांचा तक्ता नव्हता, तो पश्चिमेत गेल्यावर पुढं जोडला गेला. उसुई ख्रिश्चन कॉलेजात शिकवायचे, शिकागो विद्यापीठात शिकून आले, ही पण गोष्ट बरीच वर्षं सांगितली गेली आणि लोकांनी शोध घेतला तर त्याची नोंद काही सापडली नाही. मी माझ्या वर्गात चक्रं शिकवते, कारण शरीरावर लक्ष कुठं न्यायचं हे आपल्या माणसाला त्या भाषेत पटकन कळतं, पण ती कुठनं आली हे पण सांगते. शिकणाऱ्याला खरं सांगितलं म्हणून रेकीचं काही कमी होत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते ऐका, कारण हे कुणी धड सांगत नाही आणि मग लोकांना वाटतं काहीतरी मंत्र-तंत्र असेल. माणूस कॉटवर उताणा झोपतो, अंगावर नेहमीचेच कपडे, फक्त चष्मा, बेल्ट, घड्याळ काढून ठेवायचं, फोन बाहेरच्या खोलीत. पंखा बारीक. मी उशाशी बसते. बोटं जुळवून, तळवे थोडे खोलगट करून आधी डोळ्यांवर, मग कानशिलांवर, मग डोक्याखाली दोन्ही हातांची ओंजळ करून डोकं त्यात विसावू द्यायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही, मसाज नव्हे हा. गळ्यावर थेट हात नाही, गुदमरल्यासारखं वाटतं लोकांना, थोडं वर धरायचं. मग छाती, बरगड्या, पोट, पालथं करून खांदे, पाठ, कंबर, शेवटी गुडघे, घोटे, तळवे. एकेका जागी तीन ते पाच मिनिटं, सगळं मिळून तासभर. बायकांच्या छातीवर आणि कुणाच्याच ओटीपोटाखाली हात ठेवायचा नाही, तिथं चार बोटं वरनंच, आणि कुठलाही स्पर्श आधी विचारून. हे ज्यानं पाळलं नाही त्याच्याकडनं उठून निघून यायचं, भीड ठेवायची नाही.

यात मला सगळ्यात जास्त काय दिसत असेल तर श्वास. चप्पल लाईनला दुकान असलेले एक गृहस्थ यायचे माझ्याकडं, दिवाळीच्या सीझननंतर तर हमखास. आल्या आल्या पहिली दहा मिनिटं बोलणंच चालू, माल, उधारी, पोरगं दुकानात बसत नाही, आणि बोलताना जबडा असा आवळलेला की कानाखालचा स्नायू सुपारीएवढा वर आलेला दिसायचा. डोक्याखाली हात गेला की आधी बोलणं तुटक व्हायचं, मग थांबायचं, मग पोटात गुरगुर व्हायची, मग पापण्या फडफडायच्या आणि तो कानाखालचा गोळा हळूहळू सपाट व्हायचा, तोंड जरासं उघडं पडायचं. छातीनं चाललेला श्वास पोटावर यायचा. रात्री दात खायची सवय होती त्यांना, ती कमी झाल्याचं त्यांच्या मिसेसनी येऊन सांगितलं. आता यात ऊर्जा किती, आणि तासभर फोनशिवाय कुणीतरी डोक्याखाली हात धरून गप्प बसलंय याचा वाटा किती, हे मी वेगळं काढून दाखवू शकत नाही. पण तो जबडा सुटताना मी बघितलाय आणि माझ्या दृष्टीनं रेकीचा फायदा हा आहे: ताण उतरणं, श्वास खाली येणं, झोप लागणं, दुखणं आहे तेवढंच असलं तरी सोसायला माणूस जरा मोकळा होणं.

संशोधनात काय आढळलं तेही सांगते, कारण तुम्ही "खरंच" फायदा होतो का असं विचारलंय. अमेरिकेत केमो घेणाऱ्या १८९ पेशंटवर एक प्रयोग झाला, २०११ ला छापून आला. एका गटाला नेहमीचे उपचार, एकाला वर खरी रेकी, आणि एकाला खोटी, म्हणजे रेकी न शिकलेल्या माणसानं नुसते तसे हात ठेवायचे. खरी रेकी मिळालेल्यांना नेहमीच्या गटापेक्षा जास्त आराम वाटला. आणि खोटी मिळालेल्यांनाही तसाच वाटला. बऱ्याच रेकीवाल्यांना हा प्रयोग आवडत नाही, मला तर तो फार मोलाचा वाटतो, केमोच्या खुर्चीत सलाईन लावून बसलेल्या माणसाजवळ कुणीतरी वीसेक मिनिटं शांतपणे बसलं तर त्याला बरं वाटतं हे त्यात मोजून दिसलंय, वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, हेच सांगेल. दुसरीकडं अंगभर दुखण्याचा जो फायब्रोमायल्जिया आजार असतो त्यावर १०० जणांचा अभ्यास २००८ ला आला, जवळनं आणि लांबनं दोन्ही प्रकारची रेकी दिली, दुखण्यात फरक पडला नाही. नैराश्य आणि चिंता यावरचे अभ्यास कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे उपचारांवरचं संशोधन गोळा करून तपासणाऱ्या संस्थेनं, २०१५ ला एकत्र तपासले, त्यांचं म्हणणं पुरावा इतका थोडा आहे की उपयोग होतो असं म्हणता येत नाही.

आणि ती ऊर्जा हाताला जाणवते म्हणतात ना, त्यावरही एक प्रयोग आहे, रेकीवर नाही पण तिच्या सख्ख्या बहिणीसारख्या थेरप्युटिक टच नावाच्या पद्धतीवर, जी नर्सेसमध्येच चालायची. एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीनं मधे पडदा लावला, पलीकडनं दोन हात घालून बसलेल्या २१ उपचारकांना विचारलं की माझा हात तुमच्या कुठल्या हाताच्या वर आहे ते ओळखा. नुसता अंदाज केला तरी निम्मे बरोबर यायला पाहिजेत, आले ४४ टक्के. १९९८ ला अमेरिकेच्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय ते. माझे हात रेकी देताना गरम होतात, मुंग्या येतात, तो अनुभव माझा आहे आणि मला प्रिय आहे, पण त्याच्या जोरावर मी कुणाला "तुमच्या लिव्हरला ब्लॉकेज आहे" असं कधीच सांगत नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. हातानं निदान होत नाही. पोटात दुखतंय तर सोनोग्राफी, छातीत भरून येऊन घाम सुटतोय तर तडक आपलं सीपीआर सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं जे हॉस्पिटल असेल ते, रेकी नंतर.

आता सासूबाईंच्या शुगरकडं परत येते, कारण इथं एक गुंता आहे जो शिबिरात कुणी सोडवून सांगितलेला नसणार. त्यांना झोप येत नाही म्हणून त्या रेकीला गेल्या, बरोबर? शुगर वाढलेली असली की रात्री तीन-तीन, चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, तहान लागते, पायांची आग होते, मुंग्या येतात. म्हणजे झोपमोड शुगरमुळंच असू शकते, आणि झोपेसाठी रेकी घेताना गोळी सोडली तर झोप अजून बिघडणार. त्यांना एकदा विचारा रात्री कितीदा उठता, पाय जळजळतात का. आणि एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, त्यात साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते, एखाद्या दिवशी उपाशीपोटी शुगर बरी आली म्हणून फसायला होत नाही.

दुसरा धोका याच्याहून मोठा आहे. रेकी चालू केल्यावर त्रास वाढला की काही जण सांगतात, "चांगलं आहे, विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, शुद्धीकरण चाललंय." ताई, शुगरच्या माणसाला सारखी तहान, सारखी लघवी, गळून जाणं, चक्कर, धूसर दिसणं हे शुद्धीकरण नसतं, शुगर चढलेली असते. उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी असं काही दिसलं तर तासभर पण थांबायचं नाही. इन्सुलिनवर असलेल्या माणसानं, विशेषतः लहानपणापासनं शुगर असलेल्या मुलानं, इन्सुलिन सोडलं तर एक-दोन दिवसांतच जीवावर बेतू शकतं. तेच फिट्सच्या गोळ्यांचं, अचानक सोडल्या की फिट येऊ शकते. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच. शुगरच्या, बीपीच्या गोळ्या कमी करता येतात, नाही असं नाही, वजन उतरलं, खाणं सुधारलं, चालणं वाढलं की डॉक्टर स्वतःच कमी करतात, पण रिपोर्ट बघून, त्यांच्या हातानं.

आणि हे पण माहीत असू द्या की औषधानं किंवा कुठल्या चमत्कारी उपायानं मधुमेह, कॅन्सर, फिट्स बरे करून देतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. शिबिराच्या पत्रकावर असलं काही छापलेलं असेल तर ते जपून ठेवा, सासूबाईंना समजावताना उपयोगी पडेल. भांडून नका समजावू मात्र. शिबिरात त्यांना कुणीतरी तासभर ऐकून घेतलं असणार, हात हातात घेतला असणार, त्यांना बरं वाटलं ते खोटं नाही. "रेकी बंद करा" म्हणालात तर त्या लपून जातील आणि गोळी पण लपवून टाकतील, हे मी घराघरात बघितलंय. "रेकी घ्या की आई, पण गोळी घेऊन" एवढंच म्हणा.

शिकायचं म्हणाल तर जरूर शिका. पहिल्या पातळीत दीक्षा असते आणि स्वतःला व समोरच्याला हात ठेवून रेकी द्यायला शिकवतात, घरच्यासाठी तेवढी पुष्कळ झाली. दुसरीत चिन्हं आणि लांबनं द्यायची रेकी, तिसरी मास्टरची. लगोलग दुसरी-तिसरी करून घ्या, या आठवड्यात ऑफर आहे, असं कुणी मागं लागलं तर सावध राहा. पैशाचा हा प्रकार जुनाच आहे, ताकाताबाई मास्टर करायला १० हजार डॉलर घ्यायच्या आणि त्यावरनं तेव्हापासनं वाद आहेत. शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, माझ्या सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्यांचं काय करू? "डॉक्टरांना विचारा" सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर फी भरू नका.

मला शिकवताना सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो हातांच्या जागांना नाही, उसुईंनी दिलेल्या पाच तत्त्वांना. फक्त आजच्या दिवसापुरतं रागवायचं नाही, काळजी करायची नाही, मिळालंय त्याबद्दल कृतज्ञ राहायचं, आपलं काम मन लावून करायचं, सगळ्यांशी मायेनं वागायचं. त्यातलं "आजच्या दिवसापुरतं" हे मला फार शहाणपणाचं वाटतं. जन्मभर रागवायचं नाही असं ठरवून बघा, दुपारपर्यंत टिकत नाही. आजचा दिवस म्हटलं की जमतं, निदान सकाळी नळाला पाणी येईपर्यंत तरी जमतंच, आणि मग परत धरायचं. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या सुनेला हे आजाऱ्यापेक्षा जास्त लागतं. तुमच्या प्रश्नात सासूबाईंचं सगळं आहे, तुमच्या झोपेबद्दल एक ओळ नाही, तेव्हा आधी स्वतःला रेकी द्यायला लागा, रात्री अंथरुणावर पडलं की एक हात छातीवर, एक पोटावर, हात वरखाली होतायत तेवढं बघायचं, झोप लागली तर लागू द्यायची.

सासूबाईंना द्यायची ती रात्रीच्या जेवणानंतर तास-दीड तासानं द्या. उपाशीपोटी नको, शुगरच्या गोळीवर असलेला माणूस उपाशी तासभर पडून राहिला तर शुगर उतरू शकते, मधेच घाम, थरथर, धडधड झाली तर रेकी सोडायची आणि साखरपाणी द्यायचं. शिबिरात उपास धरायला सांगत असतील तर तो पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू द्यायचा नाही. चहा संध्याकाळी पाचनंतर बंद करा, झोपेचं निम्मं काम त्यानंच होतं. पूर्ण तास द्यायची पण गरज नाही, डोक्याखाली, पोटावर, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर, वीस मिनिटं भरपूर. गुडघ्याखाली उशी घ्या म्हणजे कंबर ताणत नाही. दोन्ही हातांनी एकच गुडघा, एक वर एक खाली, असा धरा, म्हाताऱ्या माणसाला ती ऊब फार आवडते. पण गुडघा लाल झालाय, सुजलाय, हाताला तापलेला लागतोय तर आधी डॉक्टर. आणि रेकी झाल्यावर त्याच बैठकीत मांडीच्या स्नायूचा साधा व्यायाम करून घ्या, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे, मग सोडायचं, असं दहा वेळा. गुडघ्याची झीज असेल तर खरा आधार त्या स्नायूचा मिळतो, हे कुठलाही फिजिओथेरपिस्ट सांगेल.

तळव्यांवर हात ठेवायच्या आधी लाईट लावून तळवे नीट बघा, टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. शुगरमुळं पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग चपलेचा चावा, फोड, काटा त्यांना स्वतःला कळत नाही आणि तिथनंच जखम चिघळते. ओलं असेल तर पुसून कोरडं करा, फोड किंवा काळपट डाग दिसला तर त्यावर हळद-बिळद न लावता दुसऱ्या दिवशी दाखवून आणा. गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात नको, भाजलेलं कळायचं नाही.